वारशाचं घड्याळ: नवं करू नका, चालतं ठेवा

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एक चांदूर बाजार आणि दुसरं आमचं, चांदूर रेल्वे. मुंबईहून नागपूरकडे निघालं की बडनेऱ्यानंतर आमचं स्टेशन लागतं. गावाच्या नावातच रेल्वे असल्यामुळे की काय, आमच्याकडच्या जुन्या माणसांना वेळेचं भारी वेड. माझे मामाजी, म्हणजे सासरे, जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. गाडीची शिट्टी ऐकली की आधी मनगटाकडे बघायचे आणि मग म्हणायचे, "गाडी सात मिनिटं लेट हाये." त्यांचं घड्याळ चुकलं असेल, ही शंका घरात कोणी कधी काढली नाही.

ते घड्याळ होतं एचएमटीचं, ऑटोमॅटिक, १९८१ साली घेतलेलं. २००९ साली मामाजी गेले. सासूबाईंनी घड्याळ रुमालात गुंडाळलं आणि कपाटात लुगड्यांच्या घडीखाली, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी ठेवून दिलं. ते तिथे बारा वर्षं पडून राहिलं.

मैत्रिणींनो, तुमच्याही कपाटात असं एखादं घड्याळ नक्की असेल. वडिलांचं, सासऱ्यांचं, आजोबांचं. दागिन्यांची काळजी कशी घ्यायची हे आपल्याला आई शिकवते. घड्याळाचं मात्र कोणी शिकवत नाही, कारण ते "पुरुषांचं" असतं. आणि पुरुष गेल्यावर ते सांभाळायचं येतं आपल्याकडे! ते कसं सांभाळावं, हे मी एक मोठी चूक करून शिकले. तुम्ही ती करू नये, म्हणून हा लेख.

माझी चूक

२०२१ साली मी ते घड्याळ बाहेर काढलं. सासूबाईंना आनंदाचा धक्का द्यावा म्हणून त्यांना न सांगताच बाहेरगावच्या एका दुकानात दुरुस्तीला टाकलं. दुकानदार म्हणाला, "ताई, एकदम नवं कोरं करून देतो." मला काय, तेच हवं होतं. आठ दिवसांनी घड्याळ हातात आलं ते खरोखरच नवं कोरं! पिवळसर पडलेल्या डायलवर चकचकीत निळा रंग चढला होता. केसवरचे सगळे ओरखडे घासून काढले होते आणि वर सोनेरी मुलामा दिला होता.

सासूबाईंनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि हळूच माझ्या हातात परत दिलं. म्हणाल्या, "हे त्यायची घडी नोहे, बाई."

चार आकड्याजवळचा तो तपकिरी डाग गेला होता. जिनिंगच्या काट्यावर आपटून पडलेला खोल ओरखडा गेला होता. ज्या खुणांवरून त्या माणसाला ओळखायचं, त्या सगळ्या मी पैसे मोजून पुसून आणल्या होत्या. वर पुन्हा दोन महिन्यांत घड्याळ बंद पडलं ते पडलंच.

आत असतं तरी काय?

पुढचं सांगण्याआधी ऑटोमॅटिक घड्याळ म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. यात सेल नसतो. आत एक बारीक पोलादी स्प्रिंग गुंडाळलेली असते. ती हळूहळू सुटते आणि त्या जोरावर चाकं फिरतात. साध्या चावीच्या घड्याळाला रोज सकाळी चावी द्यावी लागते. ऑटोमॅटिकमध्ये पाठीमागच्या झाकणाखाली अर्धचंद्रासारखं एक वजन असतं. आपला हात हलला की ते गरगर फिरतं आणि स्प्रिंग आपोआप गुंडाळली जाते. थोडक्यात, हे घड्याळ माणसाच्या हालचालीवर जगतं. दिवसभर हातात घातलं तर काढून ठेवल्यावरही ते साधारण दीड दिवस चालतं. मग थांबतं. थांबलं म्हणजे बिघडलं, असं नाही हं!

आता ते ओळखायचं कसं? डायलवर 'ऑटोमॅटिक' लिहिलेलं असतंच. शिवाय कानाजवळ धरून हलकेच हलवलं की आत काहीतरी घरंगळल्याचा आवाज येतो. सेलच्या घड्याळात सेकंदकाटा सेकंदासेकंदाला उडी मारतो, यात तो सरकत जातो. '२१ ज्युवेल्स' वाचून हुरळून जाऊ नका. चाकांच्या आसांना घासपट्टी बसू नये म्हणून टेकूला कृत्रिम माणकाचे बारीक खडे लावतात, तेच हे ज्युवेल्स. सोनाराकडे त्यांना काडीची किंमत नाही.

मनगटी घड्याळात ही युक्ती आणली ती जॉन हारवुड नावाच्या इंग्रज घड्याळ कारागिराने. १९२४ साली त्याला स्वित्झर्लंडमध्ये पेटंट मिळालं. चावी देण्याच्या भोकातून धूळ आणि ओल आत शिरते आणि घड्याळं बिघडतात, हे त्याने दुरुस्ती करता करता पाहिलं होतं. म्हणून त्याने चावीच काढून टाकली. तेव्हा धूळ आणि ओल हे घड्याळाचे जुने वैरी, आणि आजही तेच.

आपल्याकडे सरकारी एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळं काढायला सुरुवात केली. पुढची पंचवीस-तीस वर्षं लग्नात जावयाला घड्याळ म्हणजे एचएमटी, हे ठरलेलंच. त्यातही 'कांचन'सारखं ऑटोमॅटिक मिळालं तर जावईबापूंची कॉलर ताठ! पुढे सेलची घड्याळं आली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. आता या जुन्या घड्याळांचे सुटे भाग बहुधा दुसऱ्या जुन्या घड्याळांतूनच काढावे लागतात. म्हणून घरात तुटकं, बंद पडलेलं दुसरं एचएमटी असेल तर भंगारात टाकू नका. त्याच जातीच्या घड्याळाच्या ते कामी येऊ शकतं.

पडून राहिलेलं घड्याळ लगेच घालू नका

कपाटातून काढलेलं घड्याळ हलवलं की पुष्कळदा टिकटिक सुरू होते. आपल्याला वाटतं, वा, चांगलं आहे की! आणि आपण ते रोज घालू लागतो. इथेच घात होतो.

आतला तोल-चाकाचा ठोका तासाला १८,००० ते २१,६०० वेळा पडतो. म्हणजे दिवसाला चार-पाच लाख ठोके. हे सगळं चालतं तेलाच्या अगदी सुईच्या टोकावर मावेल एवढ्या थेंबांवर. काही वर्षांत हे तेल सुकतं, चिकट होतं, त्यात धूळ बसते. मग तेच तेल कानशीसारखं आस घासू लागतं. कोरड्या शिलाईमशीनवर जोरात पाय मारल्यासारखंच हे!

तेव्हा आधी घड्याळ साफ करून घ्या. आपल्याकडे याला ओव्हरऑइलिंग म्हणायची पद्धत आहे. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, आणि काम नुसतं तेल घालण्याचं नाही. सगळं घड्याळ खोलायचं, एकेक भाग धुवायचा, पुन्हा जोडायचा आणि ठरलेल्या जागी ठरलेलं तेल द्यायचं. नेहमी वापरातल्या घड्याळाचं हे काम दर चार-पाच वर्षांनी व्हायला हवं.

माझ्या बाबतीत काय झालं होतं? बंद पडलेलं घड्याळ मी बडनेऱ्याच्या एका म्हाताऱ्या घडीसाजाकडे नेलं. डोळ्याला भिंग लावून त्यांनी झाकण उघडलं आणि मला जवळ बोलावलं. "पाहा बाई, बाहेरून रंगरंगोटी झाली, पण आत कोनीच हात लावला नाही." आत सुकलेलं काळं तेल होतं आणि त्यात कापसाचे बारीक तंतू अडकलेले होते. जिनिंगमधला कापूस! बाहेरची प्रत्येक खूण पुसली गेली होती आणि जी घाण काढायला हवी होती ती जशीच्या तशी होती.

घडीसाजाकडे जाताना

पहिली गोष्ट, घरातल्या थोरांना विचारल्याशिवाय घड्याळ बाहेर देऊ नका. मी विचारलं असतं तर सासूबाईंनी तो डाग आणि तो ओरखडा ठेवायला सांगितला असता.

देण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. डायलचा, पाठीचा, पाठीवरच्या आकड्यांचा. झाकण तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि आतल्या यंत्राचाही फोटो घ्या. यात लाजायचं कारण नाही, चांगला कारागीर उलट खूश होतो. खर्चाचा अंदाज आधी घ्या. बदललेले जुने भाग पुडीत बांधून परत मागा.

आणि तीन गोष्टी स्वच्छ शब्दांत सांगा: डायलला रंग नको, केसला पॉलिश नको, मला विचारल्याशिवाय भाग बदलायचा नाही. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, एकदा घासला की खालचा धातू दिसू लागतो. डायलवरची मूळ छपाई एकदा गेली की कोणी परत आणून देऊ शकत नाही. जुन्या घड्याळांवर भडक रंग चढवून विकण्याचा धंदा आपल्या देशात इतका चालतो, की परदेशातल्या शौकीन मंडळींनी अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' असं नावच ठेवलंय. ते कौतुकाने नव्हे, बरं का!

आणखी एक इशारा. घड्याळ फारच जुनं, १९६० च्या आधीचं असेल आणि काट्यांवर अंधारात चमकणारा लेप असेल तर तो रेडियमचा असू शकतो. काच बंद असलेलं घड्याळ हातात धरायला भ्यायचं कारण नाही, पण घरी उघडून तो लेप खरवडण्याचा उद्योग मुळीच करू नका. घडीसाजालाही तशी कल्पना द्या.

रोजच्या वापरात

थांबलेलं घड्याळ सुरू करायचं तर आडवं धरून वीस-तीस वेळा हलकेच गोल झुलवा. थर्मामीटरसारखं झटकू नका. काही ऑटोमॅटिकना चावीही देता येते, काहींना येत नाही. चावी फिरवून काही होत नसेल तर जोर करू नका.

तारीख-वार बदलताना विशेष जपा. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेत घड्याळाची आतली चाकं तारीख पुढे ढकलण्याच्या कामात गुंतलेली असतात. त्या वेळी आपण तारीख फिरवली तर दाते मोडतात. मग बंद घड्याळात ९ रात्रीचे की सकाळचे, हे कसं कळणार? काटे पुढे फिरवत न्या. ज्या १२ ला तारीख बदलेल ती मध्यरात्र. तिथून काटे आणखी पुढे, ६ वर न्या आणि मग तारीख लावा. शेवटी वेळ लावा.

पाण्याचं म्हणाल तर झाकणावर काहीही लिहिलेलं असो, जुन्या घड्याळाला पाणी वर्ज्य समजा. झाकणाखालचं रबर वर्षांनी कडक होतं आणि ओल आत जाते. भांडी घासताना, कणिक मळताना, कुकरची वाफ अंगावर येताना घड्याळ काढून ठेवा. काढून ओट्यावर मात्र नको! त्याची एक ठरलेली जागा करा. काचेच्या आत धुकं दिसलं तर घड्याळ गॅसजवळ किंवा उन्हात वाळवत बसू नका, त्याच दिवशी घडीसाजाकडे न्या. पोलादाला गंज चढायला फार दिवस लागत नाहीत.

आपल्या वऱ्हाडातला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ च्या घरात गेला की खिडकीच्या कट्ट्यावर किंवा गाडीच्या डिकीत राहिलेल्या घड्याळाचं तेल पातळ होऊन नको तिथे पसरतं. आणि कूलरसमोरचं टेबल हीसुद्धा त्याची जागा नव्हे. ती गार हवा आपल्याला सुखाची, पण ओलसर असते.

घड्याळ एकाएकी रोज कित्येक मिनिटं पुढे जाऊ लागलं तर लोहचुंबकाचा संशय घ्या. पर्सचं चुंबकाचं बटण, मोबाइलचं चुंबकाचं कव्हर, स्पीकर, मिक्सरची मोटर, यांच्याजवळ ठेवल्याने आतली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकीय होते. मुलांचं होकायंत्र घड्याळाजवळ धरा. घड्याळ हळूहळू फिरवताना सुई त्याच्या मागे ओढली जाऊ लागली तर घडीसाजाला सांगा. त्याच्याकडच्या यंत्रावर हे काम मिनिटाभरात होतं. रोज अर्धं मिनिट मागे-पुढे होत असेल, तर मात्र तक्रार करू नका. चाळीस वर्षांच्या म्हाताऱ्याला तेवढी सूट द्यायची.

घरच्या घरी काय करावं?

जुन्या एचएमटीची काच बहुधा प्लॅस्टिकची असते. नखाने टिचकी मारली की बद्द आवाज येतो. अशा काचेवरचे बारीक ओरखडे घरी निघतात. कडेने चिकटपट्टी लावून केस झाका. मऊ सुती कपड्यावर मसुराएवढी पांढरी टूथपेस्ट घ्या, दोन-तीन मिनिटं गोल गोल घासा आणि कोरड्या कपड्याने पुसा. पाणी वापरू नका. खऱ्या काचेवर हा उपाय चालत नाही.

पट्टा स्टीलचा असेल तर तो घड्याळापासून वेगळा करून कोमट साबणपाण्यात, जुन्या टूथब्रशने घासा. पूर्ण वाळल्यावरच परत लावा. पट्ट्याच्या पिना दरवर्षी तपासून घ्या, कारण पीन तुटून घड्याळ फरशीवर आपटणं हा फार नेहमीचा अपघात आहे. मुलीच्या मनगटासाठी साखळीच्या कड्या काढल्या तर त्या डबीत जपून ठेवा.

ठेवायचं असेल तेव्हा डांबराच्या गोळ्या आणि कापूर यांच्यापासून दूर ठेवा. त्यांची वाफ प्लॅस्टिकला आणि चामड्याच्या पट्ट्याला बाधते. घट्ट झाकणाच्या डब्यात, मऊ कपड्यात गुंडाळून, औषधाच्या बाटलीत येते ती ओल शोषणारी पुडी सोबत टाका. घड्याळ साफ झालेलं असेल तर महिन्यातून एक दिवस हातात घाला.

फ्रिजच्या दारावर लावण्यासाठी

० पडून राहिलेलं घड्याळ आधी साफ, मग वापर.
० दर चार-पाच वर्षांनी ओव्हरऑइलिंग. तारीख वहीत लिहा.
० रात्री ९ ते पहाटे ३, तारखेला हात नाही.
० पाणी, वाफ, कूलर, ऊन आणि चुंबक यांच्यापासून लांब.
० डायलला रंग नाही, केसला पॉलिश नाही.
० देताना फोटो, घेताना जुने भाग.

झाकणाच्या आत

बडनेऱ्याच्या त्या घडीसाजाची गोष्ट अर्धी राहिली. घड्याळ साफ झाल्यावर त्यांनी झाकणाची आतली बाजू माझ्यापुढे धरली. आत सुईने कोरलेले बारीक बारीक आकडे होते. प्रत्येक कारागीर काम केल्यावर आतून अशी खूण करून ठेवतो, ही या धंद्यातली जुनी रीत. बाहेरून घासणाऱ्याचा हात तिथवर पोचला नव्हता. मी भिंगातून वाचले: ५.८६, ५.९१, ११.९४, ५.०१.

घरी येऊन सासूबाईंना आकडे वाचून दाखवले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मे महिन्यात जिनिंग बंद होये नं, तवा साफ करून आनत घडी. कापूस जाये म्हने तिच्यात." आणि ११.९४? त्यावर त्या हसल्या. त्या साली तुळशीच्या लग्नानंतर माझ्या नणंदेचं लग्न झालं होतं. "पावन्यायपुढे घडी मांगं पडू नये, म्हनून." बारा वर्षांत त्या मामाजींबद्दल एवढं सलग बोलल्या नव्हत्या.

निळा डायल तसाच आहे. ती माझी चूक, ती रोज दिसते. आता त्या चार आकड्यांखाली पाचवा आकडा कोरलेला आहे. माझी मुलगी अमरावतीला कॉलेजात जाते, घड्याळ तिच्या हातात असतं. तिच्या मनगटाला ते जरा मोठं होतं, पण दिवसभर हात हलत असल्यामुळे चालू राहतं. संध्याकाळी ती घरी आली की सासूबाई आधी तिचा हात धरून किती वाजले ते बघतात. भिंतीवर घड्याळ आहे, तरीही.

तुमच्या कपाटातलं ते घड्याळ आज बाहेर काढा. घालू नका, चकचकीतही करू नका. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि त्यावरच्या कोणत्या खुणा राखायच्या ते विचारा. मगच घडीसाजाकडे जा.